पाण्याची बोली आणि पाण्याची परिभाषा

इयत्ता सातवीतल्या एखाद्या मुलाला 'विसर्ग' म्हणजे काय असे विचारले, तर तो अक्षरापुढे एकाखाली एक अशी दोन टिंबे काढून दाखवील आणि 'दुःख' हे उदाहरण देईल. उत्तर अगदी बरोबर आहे. परंतु तो मुलगा कुरुंदवाडचा असेल, तर आषाढ-श्रावणात त्याच्या कानावर एक निराळाच विसर्ग पडत असतो. राधानगरीतून इतका विसर्ग, कोयनेतून तितका विसर्ग, अलमट्टीचा विसर्ग वाढवला, अशा वर्द्या येतात आणि धान्याची पोती माळ्यावर चढवावीत की काय, याचा विचार घरातली वडील माणसे करू लागतात. व्याकरणातला विसर्ग म्हणजे सोडलेला श्वास आणि धरणाचा विसर्ग म्हणजे सोडलेले पाणी. दोहोंच्या मुळाशी सोडणे ही एकच क्रिया आहे. एवढे एक वाक्य वर्गात कोणी सांगितले तर तो शब्द मुलाच्या मालकीचा होतो. न सांगितले तर तो परीक्षेपुरता पाठ होतो आणि पुराच्या रात्री, जेव्हा त्याची खरी गरज असते, तेव्हा उपयोगी पडत नाही.

शब्दांच्या या प्रश्नाकडे आम्ही येथे इतिहासाच्या अंगाने पाहणार आहोत. पाणी आणि पर्यावरण यांविषयीचे जे मराठी शब्द आज विज्ञानाच्या शालेय पुस्तकांत आणि शासनाच्या धोरणांत दिसतात, ते एकाच काळी वा एकाच हाताने घडलेले नाहीत. काही नदीकाठच्या माणसांनी घडवले, काही संस्थानांच्या व सरकारच्या कचेऱ्यांनी रुजवले, आणि काही अलीकडच्या काळात परिभाषा सिद्ध करणाऱ्या विद्वानांनी तयार केले. आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, जेथे हे तीन थर एकमेकांत मुरले तेथे पाण्याची व्यवस्थाही लोकांच्या अंगवळणी पडली. जेथे ते अलग राहिले तेथे धोरण कागदावर राहिले आणि पाणी आपल्या वाटेने गेले. या म्हणण्याची कसोटी घेण्यास कुरुंदवाडइतके सोयीचे गाव क्वचितच सापडेल.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतील गुप्त सरस्वती मिळून प्रयाग चिखलीपाशी पंचगंगा होते. ती कोल्हापूर शहराला वळसा घालून पूर्वेकडे वाहत येते आणि शिरोळ तालुक्यात कृष्णेला मिळते. या संगमाच्या एका अंगाला नृसिंहवाडी आणि दुसऱ्या अंगाला कुरुंदवाड. सेनापती संताजी घोरपडे यांची समाधी याच संगमाच्या परिसरात आहे. पुढे पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी म्हणून हे गाव वाढले, संस्थानाच्या थोरली व धाकटी अशा दोन पाती झाल्या, आणि १९४८ साली दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर कुरुंदवाडही मुंबई राज्यात विलीन झाले. राजवटी आल्या आणि गेल्या. गावाचे खरे दफ्तर मात्र दोन नद्यांनीच सांभाळले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

त्या दफ्तरातील सर्वांत जुने शब्द नदीकाठच्या बोलीचे आहेत. पूर ओसरल्यावर काठाला जो गाळ बसतो त्या सुपीक जमिनीला येथे 'मळी' म्हणतात. कृष्णाकाठच्या वांग्यांचा लौकिक या मळीच्या जमिनीने वाढवला. शाळेचे पुस्तक जिला 'गाळाची मृदा' म्हणते, तीच ही मळी. 'उतार' या एकाच शब्दाचे येथे तीन अर्थ आहेत: जमिनीचा उतार, नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा, आणि 'पुराला उतार पडला' यातील ओसरणे. पावसाळ्याच्या दिवसांना 'पाणकाळा' हा किती बोलका शब्द आहे! ज्या विहिरीवर मोट चालत असे, तिच्याभोवती तर शब्दांचा एक संसारच होता. बैल ज्या उतरत्या वाटेवर चालत ती धाव, जाड दोर तो नाडा, बारीक दोर तो सोंदूर, आणि पाणी ओतले जाई ते थारोळे. इंजिने आणि विजेचे पंप आले, मोट गेली, आणि तिच्याबरोबर हे शब्दही आजोबांच्या पिढीबरोबर मावळू लागले. वस्तू गेली की शब्द जाणारच. त्याबद्दल रडत बसण्याचे कारण नाही. परंतु ज्या वस्तू अजून आहेत, त्यांचे शब्द आम्ही का टाकून द्यावे?

'फुगवटा' हा असाच एक जिवंत शब्द आहे. कृष्णेला मोठा पूर असला म्हणजे पंचगंगेचे पाणी तिच्यात शिरू शकत नाही. ते थोपते, मागे सरते आणि काठ सोडून शेतांत पसरते. पाऊस थांबला, आभाळ निवळले, तरी कुरुंदवाडचे पाणी चढतच राहते, असा चमत्कार नवख्या माणसाला वाटतो. गावच्या माणसाला त्याचे कारण 'फुगवटा' या एका शब्दात ठाऊक असते. येथे नदीपात्राचा उतार मंद आहे, वरून येणारे पाणी पुष्कळ आहे आणि पुढची नदी आधीच भरलेली आहे, ही तीन कारणे त्या एका शब्दात सामावली आहेत.

पाण्याची पातळी मोजण्याचीही नदीकाठची एक स्वतंत्र रीत आहे. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पुराचे पाणी शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. यास 'दक्षिणद्वार' म्हणतात व त्या पाण्यात स्नान करण्यास भाविकांची गर्दी होते. पाणी वाढत असताना होतो तो 'चढता दक्षिणद्वार' आणि ओसरताना होतो तो 'उतरता'. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला तरी हे एक उत्तम पूरमापक आहे, हे कोणाच्याही लक्षात येईल. पातळीची खूण दगडात कायम आहे. पाणी त्या खुणेला लागले की नाही हे डोळ्यांनी दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाण्याची दिशा, म्हणजे ते चढते आहे की उतरते, हेही शब्दातच नोंदलेले असते. ज्या मुलाला 'चढता' आणि 'उतरता' कळतो, त्याला नदीच्या पातळीचा आलेख शिकवणे कठीण जाऊ नये.

दुसरा थर कचेरीचा. राज्यकर्ते आले म्हणजे पाणी ही महसुलाची बाब होते आणि तिच्यासाठी नेमके शब्द लागतात. पावसावरची शेती ती जिराईत आणि पाण्याखालची ती बागाईत. यांपैकी पहिल्याचे मूळ अरबीत व दुसऱ्याचे फारसीत आहे. हौद अरबीतून आला. शिवछत्रपतींच्या काळी रघुनाथपंडितांनी राज्यव्यवहारकोश रचून दरबारी व्यवहारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हा प्रयत्न आमच्या भाषेच्या इतिहासात मानाचा आहे. तरीही शेतकऱ्याने जिराईत-बागाईत सोडले नाहीत, कारण सारा भरताना आणि पीक घेताना ते रोज लागत होते. शब्द टिकतो तो कुळावर नव्हे, वापरावर. कुरुंदवाडला हे वेगळे सांगावयास नको, कारण कानडी मुलूख येथून हाकेच्या अंतरावर आहे आणि आम्ही ज्याला अस्सल मराठी समजतो त्या 'कालवा' शब्दाचे नाते कानडी 'कालुवे'शी आहे. पाण्याप्रमाणे शब्दही सरहद्दीवर थबकत नाहीत.

इंग्रजी अमलात १८७९ साली मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला. पाणीपट्टी, पाटकरी, पाण्याची पाळी हे शब्द कालव्यांच्या मुलखात घरोघरी झाले. यांपैकी पाटकरी हा तर खानदेशातील जुन्या फड पद्धतीतही होता. पांझरा, मोसम या नद्यांवर बंधारे घालून, जमिनीचे फड पाडून, कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे हे गावाने मिळून ठरवावयाचे व पाणी पाळीने द्यावयाचे, अशी ती व्यवस्था. तेथे शब्द आणि नियम एकच होते. 'पाळी' म्हटले की आपला हक्क आणि आपली मर्यादा ही दोन्ही शेतकऱ्याला समजत. आज शासकीय पत्रकात 'आवर्तन' येते. शब्द चुकीचा नाही. परंतु पाळी चुकली तर जो जाब विचारता येतो, तो आवर्तनाला विचारण्याचे धैर्य सामान्य माणसाला सहजी होत नाही.

कोल्हापूर संस्थानाने या थरात घातलेली भर फार मोलाची आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली पाटबंधाऱ्यांविषयी धोरण ठरवून त्या कामासाठी स्वतंत्र अधिकारी नेमला. 'धोरण' हा शब्द आज आम्ही फार सैलपणे वापरतो. पण पुढचे पाहून आज तरतूद करणे हा त्याचा अर्थ त्या कृतीत होता. भोगावतीवर राधानगरीचे धरण बांधण्याचे काम १९०७ नंतर हाती घेण्यात आले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील महागाईने ते अर्धवट राहिले, १९२२ साली महाराज निवर्तले, आणि धरण पुरे झाले ते स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकात. त्याची साठवण ८.३६ टीएमसी आहे आणि त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक उंचीला पोचले म्हणजे ते आपोआप उघडतात. येथे 'स्वयंचलित' हा पुस्तकी शब्द आहे खरा, पण कोल्हापूर जिल्ह्यात तो कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. दरवाजा उघडला की खाली नदी बोलू लागते.

याच मुलखाने महाराष्ट्राच्या परिभाषेला आपले नावही दिले. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हा शब्द आज विदर्भापासून कोकणापर्यंत सरकारी कागदांत आढळतो. नदीच्या पात्रात खांब उभारावयाचे, खांबांच्या खाचांत फळ्यांच्या दोन रांगा बसवून मध्ये माती दाबावयाची, पावसाळा संपला की अडवावयाचे आणि पावसाळ्याआधी फळ्या काढून नदी मोकळी करावयाची, असे त्याचे साधे तत्त्व. या फळ्यांना येथे 'बरगे' म्हणतात. बरगे केव्हा घालावे आणि केव्हा काढावे यातच सारे पाणी-व्यवस्थापन आले. उशिरा घातले तर उन्हाळ्यात टंचाई. उशिरा काढले तर पुराला अडथळा आणि काठाची धूप. 'व्यवस्थापन' हा पाच अक्षरांचा शब्द मुलांना शिकवण्याआधी बरगे घालण्याची व काढण्याची गोष्ट सांगितली, तर तो शब्द कोठे लावावा हे त्यांना आपोआप समजेल.

आता तिसरा थर. १९३१ साली बडोद्यात श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु हा आठ भाषांचा शासनकोश प्रसिद्ध झाला आणि देशी भाषांत राज्यकारभार चालवता येतो हे त्याने दाखवून दिले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ साली राजभाषेचा कायदा झाला आणि १९६७ साली पाठ्यपुस्तक निर्मितीसाठी बालभारती उभी राहिली. शब्दांची मागणी एकदम वाढली. पाण्याच्या बाबतीत तर नव्या कल्पनाच येत होत्या. महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९६९ साली, म्हणजे १९७४ च्या केंद्रीय कायद्याच्या आधी केला. १९७२ साली स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर जागतिक परिषद भरली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. एकीकडे 'पर्यावरण' हा शब्द वर्तमानपत्रांत रुळू लागला आणि दुसरीकडे दुष्काळी कामांवरील मजुरांच्या तोंडी 'पाझर तलाव' आला.

हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहण्याजोगे आहेत. पाझर तलाव म्हणजे ज्याचे पाणी वापरावयाचे नसून जमिनीत झिरपू द्यावयाचे असा तलाव. पाझरणे हे मराठी माणसाला डोंगराच्या कपारीतून, मडक्याच्या बुडातून, आईच्या मायेतूनही ठाऊक आहे. म्हणून ही नवी शास्त्रीय कल्पना त्याला पहिल्याच दिवशी समजली. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' या घोषणेचे यशही यातच आहे. तिच्या जागी 'भूजल पुनर्भरण करा' असे म्हटले असते तर कुदळ कोणी उचलली असती, याची आम्हास शंका आहे. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ च्या ग्रंथात पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून बांधबंदिस्ती करण्याची सूचना केली, तीही शेतकऱ्याच्याच भाषेत. 'पाणलोट क्षेत्र' हाही उत्तम जुळलेला शब्द आहे. अर्धा शेताचा, अर्धा शाळेचा. ज्या जमिनीवरचे पाणी लोटून एका ओढ्याला येते, ती त्या ओढ्याची पाणलोट जमीन. व्याख्या शब्दातच आहे.

याचा अर्थ असा नव्हे की, बोलीतले शब्द घ्यावेत आणि परिभाषा बुडवावी. तसे म्हणणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. पहिले कारण असे की, बोली गावागणिक बदलते. शिरोळचा बरगा भंडाऱ्याला कळणार नाही. भंडारा-चंद्रपूरकडचा मालगुजारी तलाव किंवा गोव्याच्या खाजन शेतीतील भरतीचे पाणी आवरणारी मानस शिरोळला कळणार नाही. एकच पाठ्यपुस्तक सर्वांना शिकवावयाचे तर समान शब्द हवेतच. दुसरे कारण अधिक खोल आहे. काही गोष्टी बोलीला दिसतच नाहीत, कारण त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

पंचगंगेचेच उदाहरण घ्या. पाणकाळ्यात तिचे पाणी तांबडे, गढूळ असते. गावची भाषा त्याला 'नवे पाणी' म्हणते आणि ते मळीला पोसते हेही तिला ठाऊक असते. परंतु गेल्या काही दशकांत उन्हाळ्यात बंधाऱ्यांमागे साचणारे पाणी काळे पडू लागले, त्यावर जलपर्णी माजू लागली, आणि तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शहरांचे मैलापाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी यांचा हा परिणाम. मासे का मेले? पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपला म्हणून. हे उत्तर 'गढूळ' या शब्दापाशी नाही. त्यासाठी 'प्रदूषण' आणि 'विरघळलेला प्राणवायू' हे शब्दच लागतात. उलट नितळ दिसणारे पाणीही रोगट असू शकते. २०१२ साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची साथ पसरली आणि माणसे दगावली. गढूळ आणि दूषित हे दोन शब्द निराळे आहेत, एवढे जरी सातवीच्या मुलाला पक्के कळले, तरी त्या वर्गाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

जमिनीचीही गोष्ट तशीच. उसाला बारमाही पाणी देऊ लागल्यापासून शिरोळ तालुक्यातील पुष्कळ जमीन क्षारपड झाली. शेतकरी म्हणतो, 'रानात खार फुटला.' शब्द अचूक आहे. जमिनीच्या अंगावर पांढरे मीठ फुटलेले दिसतेच. पण ते वर कसे आले? पाणी फार झाल्याने भूजलाची पातळी वर आली. मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून ते पाणी, दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे, वर चढले. ऊन लागून वाफ झाली आणि क्षार मागे राहिला. या वर चढण्यालाच पुस्तक 'केशाकर्षण' म्हणते. आता उपाय पाहा: जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून जादा पाणी काढून टाकणे, म्हणजे 'निचरा'. या तालुक्यातील शेतकऱ्यांनी तो मोठ्या प्रमाणावर अवलंबिला आहे. खार हा गावचा शब्द, केशाकर्षण हा पुस्तकाचा आणि निचरा हा दोघांचा. खार फुटला म्हणून कपाळाला हात लावणारा माणूस आणि निचऱ्याचा चर खणणारा माणूस, यांच्या मधला पूल म्हणजे तो मधला अवघड शब्द होय.

पुराच्या बाबतीत मात्र हा पूल अजून नीट बांधला गेलेला नाही आणि त्याची किंमत आम्ही २००५, २०१९ व २०२१ या सालांत मोजली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कुरुंदवाड, नृसिंहवाडी आणि शिरोळ तालुक्यातील अनेक गावे पाण्याने वेढली गेली, हजारो माणसांना घरे सोडावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. अशा दिवसांत घराघरांत ज्या वर्द्या येतात, त्यांची भाषा पाहा. नदीची पातळी फुटांत, अलमट्टीची पातळी मीटरमध्ये, धरणाचा साठा टीएमसीत, विसर्ग क्यूसेकमध्ये आणि पाऊस मिलिमीटरमध्ये. पाच मापे, आणि त्यांचा परस्परसंबंध सांगणारा कोणी नाही.

वास्तविक हा संबंध सातवीच्या गणितापलीकडचा नाही. क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर पाणी. राधानगरीच्या एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्यूसेक पाणी पडते, असे दरवर्षी सांगितले जाते. याचा अर्थ दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चार टँकर. सातही दरवाजे उघडले तर ९,९९६ क्यूसेक. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला तर दिवसाला सुमारे ८६ कोटी घनफूट येतात. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. तेव्हा हे झाले ०.८६ टीएमसी, म्हणजे धरणाच्या एकंदर साठ्याचा सुमारे दहावा भाग. एवढे गणित ज्याने एकदा वहीत केले, त्याला वर्दी ऐकून घाबरावे की निर्धास्त राहावे, हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही. अफवांना औषध ज्ञान हेच आहे. आणि ते शब्द व अंक या दोन पुड्यांत मिळते.

'पूररेषा' हा शब्द तर याहून अधिक घात करतो. साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा, अशी तिची शासकीय व्याख्या. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई, दोन रेषांच्या मध्ये अटींवर परवानगी. हे वाचून सामान्य माणूस काय समजतो? मोठा पूर २०१९ ला येऊन गेला, आता पुढला नातवाच्या काळात. आणि दोनच वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, पंचगंगेने पुन्हा घरे गाठली. चूक नदीची नव्हती, शब्दाची होती. शंभर वर्षांतून एकदा याचा शास्त्रीय अर्थ, दरवर्षी शंभरात एक एवढी शक्यता. पंचवीस वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी शंभरात चार. आणि त्या हिशेबाने पुढल्या पंचवीस वर्षांत तो एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात चौसष्ट निघते. फासे दरवर्षी नव्याने पडतात, मागचे दान त्यांना आठवत नाही. सोंगट्या खेळणाऱ्या मुलाला हे समजावण्यास फार वेळ लागू नये. जुना काळ पुराची खूण देवळाच्या दारावर ठेवीत होता. आजची रेषा नकाशात आहे आणि नकाशा कचेरीत. ती रेषा शाळेच्या भिंतीवर, चावडीच्या खांबावर निळ्या-लाल रंगाने ओढली तर तो शब्द दक्षिणद्वाराइतकाच लोकांचा होईल.

धोरणाच्या भाषेत शब्दांचा क्रमसुद्धा जीवनमरणाचा असतो. २००३ च्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगाला आणि त्यानंतर शेतीला स्थान होते. २०११ साली हा प्राधान्यक्रम बदलून शेती दुसऱ्या क्रमांकावर आणली गेली. दोन शब्दांची अदलाबदल, पण तिच्यामागे लक्षावधी शेतकऱ्यांचे पाणी होते. 'फुगवटा' या घरगुती शब्दाचेही असेच थोर भाग्य उदयास आले आहे. दुसऱ्या कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० च्या निवाड्यात अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास अनुमती दिली, तेव्हापासून त्या धरणाचा फुगवटा सांगली-कोल्हापूरच्या पुराला कारण होतो का, हा दोन राज्यांतील वादाचा विषय आहे. नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० च्या अहवालात अलमट्टी यास कारण नसल्याचा निष्कर्ष काढला. नदीकाठच्या अनेकांना तो मान्य नाही. या वादात कोणाची बाजू खरी, हे ठरवण्यास पातळी, उतार, विसर्ग आणि फुगवटा या चार शब्दांचे नेमके ज्ञान लागते. ते ज्याला नाही, त्याच्या वाट्याला केवळ संताप येतो. आणि संताप लवादापुढे पुरावा होत नाही.

पर्यावरणाचे शिक्षण सर्व पातळ्यांवर सक्तीचे करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली म्हटले. त्यानंतर आमच्या पुस्तकांत पर्यावरणाचे धडे वाढले आणि धड्यांबरोबर शब्दांच्या याद्याही वाढल्या. याद्यांना आमचा विरोध नाही. आमची मागणी एवढीच आहे की, प्रत्येक शब्दासमोर आणखी दोन रकाने रिकामे सोडावेत. पहिल्यात मुलाने त्याच गोष्टीला आपल्या गावात काय म्हणतात ते लिहावे, आणि दुसऱ्यात ती गोष्ट कशी मोजतात ते लिहावे. 'विसर्ग' समोर 'पाणी सोडणे' आणि 'क्यूसेक'. 'क्षारता' समोर 'खार'. 'आवर्तन' समोर 'पाळी' आणि 'दिवस'. पहिला रकाना भरण्यासाठी मुलाला घरच्या म्हाताऱ्या माणसांकडे, बंधाऱ्यावरच्या माणसाकडे, होडी चालवणाऱ्याकडे जावे लागेल. कोणत्या साली पाणी कोठवर आले होते, हेही त्याला त्या ओघात कळेल. इतिहासाच्या साधनांचे एवढे मोठे भांडार गावोगाव उघडे पडले आहे आणि ते वेचण्यास सातवीच्या मुलाइतका योग्य संशोधक दुसरा नाही.

शब्द समजला म्हणून पूर ओसरत नाही आणि व्याख्या पाठ झाली म्हणून नदी स्वच्छ होत नाही, हे आम्ही जाणतो. पण ज्याचे नाव घेता येत नाही त्याच्याविषयी तक्रार करता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्याचा हिशेब मागता येत नाही. शाहू महाराजांच्या काळी पाण्याचे धोरण एका राजाच्या दूरदृष्टीवर चालत होते. आज ते लोकांच्या संमतीने चालावयाचे आहे. संमती देणाऱ्याला कागदावरचा शब्द कळला पाहिजे. कुरुंदवाडच्या शाळेत आज जो मुलगा सातवीत आहे, तो आठ-दहा वर्षांनी ग्रामसभेत नाहीतर नगरपालिकेच्या बैठकीत बसेल. पूररेषेच्या आत घर बांधावे का, सांडपाणी नदीत सोडू द्यावे का, बरगे केव्हा काढावेत, यांवर त्याला मत द्यावयाचे आहे. त्याच्या तोंडी त्या दिवशी कोणते शब्द असतील, याची तयारी आजच्या विज्ञानाच्या तासालाच करावी लागेल.